तोंड आलंय

भागूबाईंनी माझ्याकडं बारा वर्षं काम केलं आणि त्या बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडात एकदाही बघितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याविषयी कितीही चांगलं लिहिलं तरी माझ्याविषयी कुणाचा भलता समज व्हायला नको. मी दाताची डॉक्टर आहे. लोहाऱ्यात एसटी स्टँडच्या मागं माझा दवाखाना आहे. लोकांच्या तोंडात बघणं एवढं एकच काम मला येतं. ते मी दिवसभर करते आणि भागूबाई त्या वेळी माझ्या शेजारी उजेड धरून उभ्या असायच्या.

नाव भागीरथी. पण सगळं गाव भागूबाई म्हणायचं. आपल्याकडं भित्र्या माणसाला भागूबाई म्हणतात, त्यावरून पेशंट त्यांना चिडवायचे. त्या म्हणायच्या, “नाव भागूबाई आन काम भित्र्यांना धरायचं. देवानं बघूनच नेमलंय मला.” ठेंगण्या, रुंद मनगटाच्या, कपाळावर गोंदण, अंगावर इरकली लुगडं. माहेर तेरचं. तेरणेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाचं हाड मोडत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कुणी शंका काढली की मनगट पुढं करायच्या.

त्या पहिल्यांदा आल्या त्या सासऱ्यांना घेऊन. म्हातारबांची वरची दाढ किडून पार पोखरली होती. गाल सुजलेला, त्यावर घरच्यांनी बिब्बा घातलेला, त्यामुळं कातडीही भाजलेली. गोळ्या देऊन मी सूज उतरवली, पण दाढ काढण्याशिवाय इलाज नव्हता. आणि म्हातारबा काही खुर्चीत बसायला तयार होईनात. वरची दाढ डोळ्याला बांधलेली असते, ती काढली की त्या बाजूचा डोळा जातो, असं आमच्याकडं पुष्कळ लोक धरून चालतात. मी पडले तापट. दोनदा नीट समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढला. म्हातारबा उठून चपला शोधायला लागले.

तोवर दारातच उभी राहिलेली सून पुढं आली. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. तिनं पदर कमरेला खोचला, म्हातारबांना खांदा धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी घट्ट धरलं. “मामा, घडीभर म्या सून न्हाय, लेक समजा. आ करा.” म्हातारबा लाजले का घाबरले कोण जाणे, पण त्यांनी आ केला. दाढ निघाली. मी कापसाचा बोळा दाबून धरायला दिला, तर ही बाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मामा, तेवढा दुसरा डोळा झाका. आता सांगा, म्या किती बोटं धरलीत?”

म्हातारबांना बोलता येईना. त्यांनी आपली तीन बोटं वर केली.

“बरोबर. दाढ गेली, नजर हाय. चला आता, यष्टी हाय आपली.”

मी त्यांना तिथंच विचारलं, उद्यापासून कामाला येता का? त्या म्हणाल्या, येते, पण खुरपणीचे पंधरा दिवस आणि ज्वारीच्या काढणीचे आठ दिवस मला धरायचं नाही. बारा वर्षं तो करार दोघींनी पाळला.

तेव्हापासून वरची दाढ काढली की बोटं दाखवायचीच, असा आमच्या दवाखान्याचा रिवाजच झाला. सुरुवातीला मला तो पोरखेळ वाटायचा. एकदा गर्दीच्या दिवशी मी म्हटलं, “राहू द्या हो बोटं आज.” तर खुर्चीतून उतरलेला पैलवानासारखा गडी दारात अडून राहिला आणि बोळ्यासकट म्हणाला, “बोटं ऱ्हायली की.” भागूबाईंनी त्याला चार बोटं दाखवली तेव्हा कुठं तो पायऱ्या उतरला.

मी पेशंटला काय करायचंय ते सांगायची, आणि मी हात धुवायला वळले की भागूबाई तेच पुन्हा सांगायच्या. मी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नव्हतं, त्यांचं राहायचं. सगळं दंतवैद्यक त्यांनी तीन वाक्यांत बसवलं होतं. “भोक बारीक हाय तवर सिमेंट. भोक नसंपोतर गेलं की नस काढायची. अन् दातात जीवच न्हाय ऱ्हायला, मग चिमटा. आता तुमी कवा यायचं ते तुमीच ठरवा.”

नस काढायची म्हटलं की लोक घाबरतात. नस काढली म्हणजे दातच काढला असंही काहींना वाटतं. भागूबाई सांगायच्या, “दात न्हाय काढायचा. आड गाळानं भरला तर आपण आड बुजवतो व्हय? गाळ उपसतो. तसं दाताच्या आतली सडकी नस उपसायची, धुवायचं, मसाला भरायचा. तीन-चार खेपा मारायच्या. मधीच ठणका थांबला म्हणून घरी बसायचं न्हाय, आत गाळ तसाच ऱ्हातो.” आणि मग दातावर टोपी कशाला बसवायची, असं विचारलं की, “नस काढलेला दात वाळक्या काटकीवाणी हुतो. सुपारी फोडाया गेलात की उभा चिरतो. मग आमच्या नावानं बोंबलू नका.”

दात साफ करून घ्यायला आमच्याकडं कुणी राजी नसतं. साफ केले की दात हलायला लागतात, असा समज. त्यावर त्या विचारायच्या, “तव्याचं कीट खरवडलं तर तवा पातळ हुतो व्हय? दातावर कीट चढलं की हिरडी मागं सरती. हिरडी सरली की दात हालतो. आमी कीट काढतो, दात न्हाय हालवत.” दाढ काढल्यावरच्या सूचना तर त्या तालात म्हणायच्या. बोळा अर्धा तास दाबून धरायचा, थुंकायचं न्हाय, चूळ भरायची न्हाय, आज गरम न्हाय, तिखट न्हाय, बोलायचं न्हाय. बाप्या माणूस असला तर वर, “मालकीण बोलली तरी बोलायचं न्हाय.”

एक नारायणतात्या म्हणून होते, त्यांना मी कवळी बसवली. सगळे दात गेलेले, हिरड्या चांगल्या होत्या, कवळी नेमकी बसली. आठ दिवसांनी तात्या रागारागानं आले आणि कवळी खिशातून काढून टेबलावर ठेवली. बोलताना शीळ वाजते म्हणे. मी तपासलं, कवळीत दोष नव्हता, जिभेला सवय नव्हती. मोठ्यानं वाचा, सवय होईल, असं मी सांगितलं. तात्या म्हणाले, वाचायला यायला नको का? भागूबाईंनी कवळी धुतली, त्यांच्या तोंडात बसवली आणि विचारलं, “तात्या, मालकिणीचं नाव काय?” बायकोचं नाव सुशीला. बायको बाकड्यावर बसलेलीच होती. “मग घ्या उखाणा,” भागूबाई म्हणाल्या, “आन नाव नीट निघाल्याबिगर उठायचं न्हाय.” सत्तरीचे तात्या पाच-सहा वेळा सुशीलाच्या सु वर घसरले, शीळ वाजत राहिली, सुशीलाबाई पदर तोंडात कोंबून हसत राहिल्या आणि बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. दर मंगळवारी या असं त्यांना सांगितलं. तिसऱ्या मंगळवारी नाव स्वच्छ निघालं. सुशीलाबाई म्हणाल्या, लग्नानंतर यांनी माझं नाव पहिल्यांदाच घेतलं असेल.

हसताना भागूबाईसुद्धा तोंडावर पदर घ्यायच्या. आमच्या भागातल्या सगळ्याच बायका घेतात, म्हणून मी कधी काही विचारलं नाही. त्यांचे दात मिश्रीनं काळे पडले होते. दुपारची भाकरी झाली की त्या मागं पाण्याच्या टाकीजवळ जायच्या, कमरेची बारकी डबी काढायच्या आणि बोटानं मिश्री लावत बसायच्या. मला हे ठाऊक होतं. सकाळभर पेशंट बायकांना त्या मिश्री सोडा म्हणून सांगायच्या आणि दुपारी स्वतः लावायच्या. मी एक-दोनदा बोलले, “भागूबाई, लोकांना सांगता आणि स्वतः काय हे?” त्या म्हणाल्या, “बाई, न्हाय लावली तर पोट साफ हुत न्हाय. लग्नाच्या आदीपासनंची सवय हाय.” मी हसले. पेशंटनं हेच म्हटलं असतं तर मी त्याला अर्धा तास झापलं असतं.

आणि पेशंटला आ करा म्हणताना त्या स्वतःही आ करायच्या. लेकराला भरवताना आई करते ना, तसं. त्यांना ते कळायचंही नाही. तेव्हा पदर नसायचा, लाज नसायची, तोंड चांगलं उघडलेलं. माझ्यापासून दीड हातावर. मी मान वळवली असती तर दिसलं असतं. पण माझी नजर खुर्चीतल्या माणसाच्या तोंडावर आणि त्यांच्या हातातल्या उजेडावर.

एकदा आम्ही जवळच्या एका गावात बायकांची तोंडं तपासायला गेलो होतो. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर होतो, तो आधी कळला तर माणूस वाचतो, एवढंच सांगायचं आणि टॉर्चनं बघायचं. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. भागूबाईंनी नेहमीप्रमाणं रांग ताब्यात घेतली. “तीन बोटं उभी करा आन दातांच्या मधी घाला. गेली तर बरं. न्हाय गेली, नुसती दोनच गेली, तर लपवायचं न्हाय, बाईंना सांगायचं. गालात पांढरा डाग दिसला, जखम पंधरा दिवसांत भरली न्हाय, तिखट सोसंना झालं, तरीबी सांगायचं. ही काही लाजायची जागा न्हाय.” गावातल्या झाडून साऱ्या बायका आ करून गेल्या. शेवटी एक म्हातारी जागची उठता उठता भागूबाईंकडं बोट करून म्हणाली, “आन हिचं कोण बघायचं?”

सगळ्या हसल्या. भागूबाईंनीही पदर तोंडावर घेतला आणि हसल्या. मीही हसले. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता, लोहाऱ्याला जाणारी शेवटची जीप होती, मी टॉर्च पिशवीत टाकला. म्हातारी आमच्याकडं बघत उभी होती ते मला आजही दिसतं. एका मिनिटाचं काम होतं.

पुढल्या उन्हाळ्यात एकदा मी एका पोरीच्या दातात सिमेंट भरत होते. शेजारून भागूबाई म्हणाल्या, “बाई, माझं तोंड आलंय.”

तोंड येणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. उष्णता वाढली की येतं, जागरण झालं की येतं, मिरचीचा ठेचा जास्त झाला की येतं. आईला येतं, पोराला येतं, चार दिवसांत जातं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचं तोंड आलेलं असतं. पेशंट असला तर मी कुठं आलंय ते बघते, किती दिवस झाले विचारते, मग औषध देते. भागूबाईंना मी पोरीच्या दातावरची नजर न काढता सांगितलं, “कपाटात बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आहेत, घ्या. आणि मलम लावा.” त्यांनी कपाटातून गोळ्या घेतल्या. नंतर त्या पुन्हा कधी काही म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. माझ्या मनात तो विषय संपला होता.

पावसाळ्यात त्यांच्या डब्यातली आमटी गेली. त्या दुधात भाकरी कुस्करून खायला लागल्या. एकदा मी विचारलं, “उपास आहे का हो?” त्या म्हणाल्या, “न्हाय बाई, तिखट सोसंना.” हे वाक्य त्यांनी स्वतः गावोगावच्या बायकांना शिकवलं होतं. मला तर ते कॉलेजात पहिल्या वर्गात शिकवलं होतं. मी म्हणाले, “पित्त झालं असेल, ताक पीत चला.” मी खरंच असं म्हणाले. ताक प्या म्हणाले.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी आ करणं सोडलं. पेशंटसमोर मूठ धरायच्या आणि बोटं हळूहळू उघडायच्या, “असं, असं, आ...” पेशंटला गंमत वाटायची, लहान पोरं तर हटकून आ करायची. मलाही वाटलं, काय नवी युक्ती काढलीय बाईनं. मी कौतुकसुद्धा केलं.

शेवटी मला सांगितलं ते एका पेशंट बाईनं. खुर्चीतून उतरताना कानाशी आली आणि म्हणाली, “राग नका मानू बाई, तुमच्या भागूबाईंच्या तोंडाला वास येतोय. आमच्या चुलतीच्या येत हुता तसला.” मी तिला चुलतीचं काय झालं ते विचारलं नाही.

पेशंट संपल्यावर मी भागूबाईंना म्हटलं, “बसा खुर्चीत.” बारा वर्षं रोज दोनदा पुसलेली खुर्ची. त्या तिच्या कडेवर टेकल्या, दुसऱ्याच्या अंथरुणावर टेकावं तशा. नीट मागं टेकून बसा म्हणावं लागलं. त्यांना आ करता येईना. मी तीन बोटं घालायला सांगितलं. एकच गेलं. उजेड धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी डाव्या हातानं टॉर्च धरला आणि उजव्या हातानं त्यांचा गाल बाजूला केला.

मला बघितल्याबरोबर कळलं. आत डाव्या बाजूला, मिश्री ठेवायच्या जागी, हिरडीपासून गालापर्यंत. कितीतरी महिन्यांचं होतं.

मी टॉर्च बंद केला. म्हणाले, “तोंडच आलंय, पण जरा जास्त आलंय. सोलापूरला दाखवून येऊ, म्हणजे खात्री होईल.”

भागूबाईंनी रुमालानं तोंड पुसलं. “बाई,” त्या म्हणाल्या, “मागच्या साली गालात जखम घिऊन एक म्हातारी दवाखान्यात आलती, तिलाबी तुमी असंच म्हणाला हुता. अशाच आवाजात.”

मी चिडले. घाबरले की मी चिडते. म्हणाले, “इतके महिने अंगावर काढलंत, मला सांगायचं नाही होय?”

“सांगितलं की,” त्या म्हणाल्या. “तोंड आलंय म्हणलं की.”

त्यांच्या बोलण्यात कुरबुर नव्हती. पेशंटनं दोनदा विचारलं की त्या जशा पुन्हा सांगायच्या, तसंच सांगितलं. मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला दिला, पण त्यांनाही बघताच कळलं होतं. अर्धा जबडा काढावा लागेल म्हणाले. मग माझ्याकडं वळून विचारलं, “इतका उशीर? हे पाच-सहा महिने आधी दिसायला हवं होतं. कुठं काम करतात या?”

भागूबाई शेजारी बसल्या होत्या. मी म्हणाले, “शेतात.”

“आणि तुम्ही कोण यांच्या?”

“शेजारी आहे मी यांची,” मी म्हणाले.

मी दाताची डॉक्टर आहे आणि या माझ्याकडं कामाला आहेत, हे मला म्हणता आलं नाही. लोक भागूबाई म्हणून त्यांना चिडवायचे. खरी भागूबाई कोण ते त्या दिवशी आम्हा दोघींना कळलं. परतताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. नळदुर्ग मागं पडलं. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, “बरं केलंत बाई. दवाखान्याचं नाव निघालं असतं तर लोकं यायची थांबली असती.” त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. मी बोटांनी तिकिटाच्या बारीक बारीक चिंध्या करत बसले.

ऑपरेशन झालं. त्यानंतर मी त्यांना भेटायला एकदाच गेले, तेही उशिरा. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. पेशंट आहेत, जीप चुकली, पाहुणे आलेत. खरं एवढंच होतं की त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती. दवाखान्यात दुसरी बाई ठेवली. ती चांगली होती, पण तिला बोटं दाखवायचं काही माहीत नव्हतं, आणि मी तिला सांगितलं नाही. पेशंट दारात अडायचे आणि भागूबाई कुठं गेल्या विचारायचे. गावाला गेल्यात, असं मी सांगायची.

शेवटी ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत गेले. करारातल्या सुट्टीचे दिवस. त्यांचं गाव लोहाऱ्यापासून जवळच, रस्त्यालगत घर, पुढं पत्र्याची ओसरी. सगळे रानात गेलेले, घरी सून सुनंदा तेवढी होती. भागूबाई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. डावा गाल आत गेलेला, नाकातून नळी. त्यांना बोलता येत नव्हतं. मला बघून त्यांनी पदर तोंडावर घ्यायला हात उचलला आणि मग राहू दिला. त्या गेल्याचा निरोप त्यानंतर दीड महिन्यानं आला, पण त्या गेल्याच आहेत असं मला त्याच क्षणी वाटलं आणि मला रडायला आलं. मी बाजेच्या कडेवर बसले आणि म्हटलं, “भागूबाई, मी बघायला पाहिजे होतं. तुम्ही सांगितलं होतं मला. मी बघितलं नाही.” किती महिने तोंडात धरून ठेवलेलं वाक्य.

त्यांनी ते ऐकलं. मान हलवली नाही, नाही म्हणून हातही हलवला नाही. बरोबर आहे, तुम्ही बघायला पाहिजे होतं, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी माझ्या पिशवीकडं बोट केलं. मला कळेना. त्यांनी स्वतः ओढून पिशवी उघडली, आतला टॉर्च काढला आणि दारात उभ्या असलेल्या सुनंदाकडं बोट दाखवलं. मग मूठ धरली आणि बोटं हळूहळू उघडली.

सुनंदा मागं सरली. “मला काय बी न्हाय झालं,” ती म्हणाली, आणि बोलताना तिनं पदर तोंडावर घेतला. तिचे दात मला तेवढ्यात दिसले. पाण्याच्या घागरीजवळ कोनाड्यात बारकी डबी होती.

भागूबाईंनी बाजेवर हात आपटला. सुनंदा येऊन उकिडवी बसली. भागूबाईंनी एका हातानं तिचं डोकं आपल्या गुडघ्याशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं टॉर्च लावला. उजेड जिथं पाहिजे तिथंच पडला. बारा वर्षं पडत होता तसा. हात एवढासुद्धा हलला नाही. मी डावा गाल बघितला, उजवा बघितला, जीभ वर करायला लावली, खालची बाजू बघितली, टाळू बघितली. तीन बोटं घालायला लावली, गेली. दातांवर काळं होतं, हिरड्या सुजल्या होत्या, पण डाग नव्हता कुठं. पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं बघितलं. सुनंदाला सांगितलं, “आत्ता काही नाही. पण ती डबी आजच टाकायची. आणि दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं. आली नाहीस तर मी येईन.” सुनंदानं मान हलवली. मग उठून घागरीजवळची डबी उचलली आणि चुलीत टाकली.

माझ्या डोळ्यांत पाणी इतकं आलं होतं की समोरचं नीट दिसेना. भागूबाईंनी टॉर्च विझवला नाही. तो माझ्या तोंडावर धरला आणि दुसरा हात वर केला. बोटं धरली होती.

मला वाटलं, जवळ बोलावताहेत. मग कळलं. मी म्हणाले, “दोन.”

त्यांनी हात खाली घेतला नाही. पेशंटसमोर वाट बघत उभ्या राहायच्या, तशा वाट बघत बसल्या. मी पदरानं दोन्ही डोळे पुसले आणि नीट बघितलं.

“तीन,” मी म्हणाले.

भागूबाईंनी मान हलवली आणि टॉर्च बंद केला.